१२९६ साली देवगिरीचे राज्य बुडाले नव्हते

कार्तिकी सरली, आळंदीची यात्रा जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो: ‘१२९६ साली सुलतान अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरी जिंकली. गडावर धान्याऐवजी मीठ निघाले आणि यादवांचे राज्य बुडाले. हे पाहून व्यथित झालेल्या ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली.’ यंदा तो मामांनी पाठवला. मामांना उलट उत्तर कसे द्यायचे, म्हणून इथे लिहितो.

साल बरोबर आहे. पण ‘सुलतान’? देवगिरीवर आला तेव्हा अल्लाउद्दीन गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार होता. सुलतान होता त्याचा चुलता आणि सासरा जलालुद्दीन, आणि पुतण्या दख्खनेत उतरलाय याचा त्यालाच पत्ता नव्हता. लूट घेऊन अल्लाउद्दीन जूनमध्ये कड्याला परतला. जुलैत भेटायला आलेल्या चुलत्याचा त्याने गंगाकाठी खून करवला. मग दिल्लीच्या वाटेवर मुक्कामामुक्कामाला मंजनिकातून, म्हणजे दगड फेकायच्या यंत्रातून, लोकांवर सोने उधळले, असे दिल्लीचा इतिहासकार बरनी लिहितो. आपले सोने दिल्लीचे तख्त विकत घ्यायला गेले, ते असे.

मिठाची गोष्ट फरिश्ता या इतिहासकाराची, म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिलेली. कोकणातून आलेल्या गोण्या धान्याच्या समजून गडावर चढवल्या म्हणे. गोणी खांद्यावर घेतल्यावरही हमालाला कळले नाही? असो. घात झाला तो सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर असल्यामुळे.

आणि राज्य बुडाले म्हणावे, तर यादवांचा राजा रामचंद्रराय पुढे जवळजवळ पंधरा वर्षे गादीवर होता. त्याने खंडणी कबूल केली. ती थकली तेव्हा १३०७ च्या सुमारास अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला आणि रामचंद्राला दिल्लीला घेऊन गेला. अल्लाउद्दीनने त्याला ‘रायरायान’, म्हणजे राजांचा राजा, हा किताब देऊन परत पाठवले. त्यानंतर काफूर वारंगळवर चालून गेला, तेव्हा त्याला मदत केली ती याच रामचंद्राने. फॉरवर्डमध्ये हे कधीच नसते, कारण यात हळहळायला जागा नाही, नुसती मान खाली जाते. यादवांचे राज्य कायमचे बुडाले ते १३१८ च्या सुमारास, रामचंद्राचा जावई हरपाळदेव याला मारल्यावर.

राहिली समाधी. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. तिच्या अखेरीस ‘न्यायातें पोषी क्षितीशु । श्रीरामचंद्रु’ असा याच राजाचा गौरव आहे. समाधी शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशीची. खिलजी परतून तोवर काही महिने झाले होते. नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत निरोप आहे, गहिवर आहे. देवगिरीची लूट नाही. महिन्याभराने सासवडला सोपानदेव गेले, शके १२१९ मध्ये मुक्ताबाई आणि त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. या क्रमात खिलजी कुठे बसवायचा, ते मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे.