मंदाबाईंची भांडी आणि साहेबांचा पगार

मंदाबाईंनी पगारवाढ मागितली तेव्हा मी पोहे खात होतो. महिना 1,500 वर 200. ही म्हणाली, "बघते." मंदाबाई जिना उतरेपर्यंत मी मनातल्या मनात हिशोब केला आणि ओरडलो, "अगं, तेरा टक्के होतात! एवढी वाढ कोण देतं?"

ही शांतपणे गवार मोडत होती. "तुम्ही मालक आहात ना त्या कंपनीचे? तुमच्या नोकराला यंदा किती वाढ दिलीत?"

खुलासा करायला हवा. बाबांनी ठेवलेले एका कंपनीचे 25 शेअर माझ्या नावावर आहेत. त्या जोरावर मी चारचौघांत 'आमची कंपनी' म्हणतो. आमच्या या कंपनीत एक व्यवस्थापकीय संचालक आहेत, म्हणजे तत्त्वतः माझे नोकर. त्यांचा पगार मला माहीत नव्हता. हिला मंदाबाईंचा पगार, उचल, खाडे, सगळं तोंडपाठ असतं.

"पाच मिनिटांत सांगतो," मी म्हणालो. "कायद्याने जाहीर करावंच लागतं."

कायद्याचं खरंच आहे. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 197 म्हणतं की शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीने प्रत्येक संचालकाचं मानधन मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे ते छापावं. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की वार्षिक अहवाल फुकट उतरवता येतो. मीही उतरवला. चारशेच्या वर पानं. पूर्वी हा ग्रंथ पोस्टाने यायचा आणि रद्दीवाला त्याचा चकचकीत कागद बघून नाक मुरडायचा. आता नाक मुरडायचं काम आपलं आपणच करायचं.

पहिली साठ-सत्तर पानं फोटोंची. पवनचक्क्या, रोप लावणारी मुलं, पिवळं हेल्मेट घालून क्षितिजाकडे बघणारी बाई. साहेबांचाही अर्ध्या पानाचा फोटो होता, हाताची घडी घातलेला. पगार सोडून बाकी सगळं त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी शोधखिडकीत 'सॅलरी' टाकलं. निघाले ते सगळ्या कामगारांचे पगार, भत्ते आणि भविष्य निर्वाह निधी. अर्ध्या तासाने उमगलं की पगार आपल्यासारख्यांना असतो, साहेबांना 'रेम्युनरेशन' असतं. ते टाकल्यावर दोनशेहून जास्त ठिकाणी पिवळे ठिपके उमटले. त्यातले निम्मे 'नामनिर्देशन आणि मानधन समिती'चे होते. ही समिती वर्षात किती वेळा बसली आणि बैठकीला कोण गैरहजर होतं, सगळं तपशीलवार लिहिलं होतं.

शेवटी आकडा सापडला. एक नव्हे, तीन. कंपनी सुशासनाच्या प्रकरणात एक, संचालक मंडळाच्या अहवालाच्या परिशिष्टात दुसरा आणि हिशोबाच्या टिपांमध्ये, 'संबंधित पक्षांशी व्यवहार' या मथळ्याखाली, तिसरा. एक लाखांत, एक कोटींत, एक दशलक्षांत. मी वहीवर शून्यं मांडत बसलो. शून्यं जुळली तरी रकमा जुळेनात. मग बारीक अक्षरांतल्या तळटीपा वाचल्या. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेची तरतूद सगळ्या कंपनीची मिळून एकगठ्ठा केलेली असते, म्हणून साहेबांच्या वाट्याची धरलेली नाही. कमिशन यंदाचं, पण हातात पडणार वार्षिक सभेनंतर. आणि स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावात कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, एकीकडे धरलेले, दुसरीकडे वगळलेले.

"मिळालं का?" आतून आवाज.

"तीन मिळालेत. कुठला देऊ?"

गुणोत्तरही सापडलं, तीन आकडी. 'मधला कर्मचारी' ही भानगड मी हिला शाळेच्या कवायतीवरून समजावली. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं आणि बरोबर मधोमध जो येईल तो. ही म्हणाली, "म्हणजे त्या मधल्याने किती वर्षं राबलं की साहेबांचं एक वर्ष?" मी गुणोत्तर पुन्हा वाचलं. त्या मधल्या माणसाने पानिपतापासून कामाला सुरुवात केली असती तरी तो अजून निवृत्त झाला नसता.

मुकेश अंबानींचं उदाहरण देऊन मी बाजू सावरायला गेलो. 2008-09 पासून त्यांनी पगार वर्षाला 15 कोटींवर रोखून धरला आणि 2020-21 पासून तर शून्यच घेतात.

"मग घर कसं चालतं?" हिने काळजीने विचारलं.

"लाभांशावर."

"आपलाही येतो ना लाभांश?"

मी विषय बदलला.

खरा खजिना पुढेच होता. सर्वांत जास्त पगाराचे दहा कर्मचारी, शिवाय वर्षाला 1 कोटी 2 लाख किंवा त्याहून जास्त घेणारे, या सगळ्यांची नावानिशी यादी कंपनीला करावी लागते. ती अहवालात मात्र नव्हती. 'इच्छुक सभासदांनी कंपनी सचिवांना लिहावे.' मी इच्छुक होतो. लिहिलं. त्यांनी डीमॅट खात्याचा क्रमांक मागितला, तो दिला. बाराव्या दिवशी यादी आली, आडवी स्कॅन केलेली. मान उजव्या खांद्यावर टेकवून वाचत असताना ही मागे येऊन उभी राहिली.

वय, शिक्षण, अनुभव, आधीची नोकरी, संचालकांपैकी कुणाचा नातेवाईक आहे का. हिचे डोळे लकाकले. "अहो, हे तर स्थळांचं रजिस्टर आहे! नुसती पत्रिका तेवढी जोडायची राहिलीय." सहाव्या क्रमांकाचा मुलगा तिला पसंत पडला. वय 34. पगार बघितल्यावर फारच.

परिशिष्टात आणखी एक रकाना कायद्याने सक्तीचा आहे. साहेबांची वाढ इतरांपेक्षा वेगळी असेल तर तिचं समर्थन द्यायचं. उत्तरात बाजारातली स्पर्धा, उद्योगातले निकष, दीर्घकालीन मूल्यनिर्मिती असं सगळं होतं. मी ते दोनदा वाचलं, एकदा मान सरळ करून.

दुसऱ्या दिवशी मंदाबाई आल्या. एवढा अभ्यास वाया कसा जाऊ द्यायचा? मी विचारलं, "मंदाबाई, तेरा टक्क्यांचं समर्थन काय?"

त्यांनी माझ्याकडे आणि मग हिच्याकडे बघितलं. "वहिनी, सासूबाई आल्यापासून रोज दोन कुकर लागतात की नाही?"

हिने मान डोलावली. 1,700 मंजूर, मागच्या महिन्यापासून लागू. मतदान झालं नाही. झालं असतं तरी त्या सभेत माझ्याकडे एकही शेअर नव्हता.