वाचनाची रात्रपाळी

मुलांसाठी उत्तम पुस्तकांच्या याद्या करणारी माणसं ती पुस्तकं रात्री दहा वाजता मोठ्यानं वाचत नसावीत, असा माझा दाट संशय आहे. ‘संस्कारक्षम वय’, ‘कल्पनाशक्तीला चालना’ वगैरे सगळं त्या याद्यांत असतं. पण ओटा आवरून, उद्याचे मूग भिजत घालून, एका कुशीला थोरली आणि दुसऱ्या कुशीला धाकटा घेऊन उताणं पडल्यावर ते पुस्तक हातात धरवेल का, याबद्दल चकार शब्द नसतो. मोठ्या आकाराचं, गुळगुळीत कागदाचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आईला डुलकी लागताच थेट तिच्या नाकावर येतं. एकाही परीक्षणात मी हे वाचलेलं नाही.

माझी स्वतःची यादी माहेरून आली. ‘चांदोबा’चे कापडी पाठीचे बांधीव खंड आईनं माळ्यावरून काढून दिले, तेव्हा मला सोनं मिळाल्याचा आनंद झाला होता. १९४७ साली मद्रासला ‘चंदामामा’ म्हणून निघालेलं हे मासिक पुढे मराठीत ‘चांदोबा’ झालं आणि माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्यानं खाल्ल्या. विक्रम-वेताळ तर तोंडपाठ. मुलांना दाखवताना माझा ऊर भरून आला. थोरलीनं गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “राजाला कळत नाही का? वेताळानं प्रश्न विचारला की ‘माहीत नाही’ म्हणायचं.”

“अगं, उत्तर माहीत असून गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकलं होतील.”

“वेताळाला काय कळणार माहीत आहे ते? बाईंनी विचारलं की मी असंच करते.”

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेलं कोडं सुटलं, आणि प्रगतिपुस्तकातल्या एका शेऱ्याचा उलगडाही झाला. पण विक्रमाचं दुःख मला आता जितकं कळतं तितकं लहानपणी कळत नव्हतं. पेंगलेल्या धाकट्याला खांद्यावर टाकून हॉलमधून खोलीकडे निघावं, अगदी दारापर्यंत पोचावं, आणि खांद्यावरूनच आवाज यावा, “मग त्या राक्षसाचं काय झालं?” उत्तर दिलं की झोप उडून पुन्हा झाडावर.

‘श्यामची आई’ वाचायचीच, असं मी बाळंतपणातच ठरवलं होतं. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ते लिहून काढलं. माझ्याच्यानं पाच दिवसांत त्यातली एक ‘रात्र’, म्हणजे एक प्रकरण, वाचून होत नाही. त्यांना तिथे “आई, शू” म्हणणारं कोणी नव्हतं, एवढाच त्या तुरुंगाचा फायदा. शिवाय मी रडते. तिसऱ्या पानाला आवाज चिरकतो, पाचव्याला नाक वाहतं, आणि मुलं पुस्तक सोडून माझ्याकडे बघत बसतात. “आई, आत्ता रडणार बघ,” असं थोरली धाकट्याला आधीच सांगून ठेवते.

त्यातला तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे: आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला पदर पसरायला लावतो, आणि पायांना जपतोस तसं मनालाही जप, असं आई त्याला सांगते. माझ्या धाकट्यानं त्यातला पूर्वार्ध तेवढा उचलला. दुसऱ्या दिवशी तो बाथरूमच्या दारात उघडाबंब उभा राहून ओरडला, “आई, पदर पसर!” मी गाऊनमध्ये. पदर आणू कुठून? शेवटी टॉवेल पसरला, तर तो चालेना, कारण श्यामच्या आईनं टॉवेल पसरला नव्हता. मग ओढणी आली. ओढणीवरून तो पलंगापर्यंत महाराजासारखा गेला. मनाबद्दल सांगायला मी तोंड उघडलं, तोवर तो गादीवर उड्या मारत होता. त्या आठवड्यात माझ्या ओढण्या जितक्या धुतल्या गेल्या तितक्या वर्षात गेल्या नसतील. पोहायला जायचं टाळून श्याम माळ्यावर लपतो आणि आई त्याला शिंपटीनं मारते, ते प्रकरण मात्र मी मुद्दाम खुलवून वाचलं. त्याचा परिणाम शून्य.

‘तोत्तोचान’ हे एका जपानी शाळकरी मुलीचं पुस्तक, खरं तर आयांनी एकटीनं, दार लावून वाचायचं पुस्तक. चेतना सरदेशमुख गोसावी यांचं मराठी इतकं सहज आहे की वाचताना अडखळायला होत नाही, ही रात्रपाळीतली मोठीच सोय. पण त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या चिमुरडीचं बोलणं चार तास ऐकून घेतात. चार तास! ते वाचून मला फार भरून आलं. उद्यापासून आपणही मुलीचं असंच ऐकायचं, असं मी ठरवलं. उद्या आला. थोरलीनं वर्गातल्या कोणाचा तरी खोडरबर कसा हरवला, ते सांगायला घेतलं. रबर हरवायच्या आधी त्या मुलीचा वाढदिवस, त्याच्या आधी तिचा फ्रॉक, त्याच्या आधी तिची आजी. कुकरच्या तीन शिट्ट्यांपर्यंत मी कोबायाशी होते. चौथीला माझं मलाच ऐकू आलं, “मुद्द्याचं बोल!”

त्याच पुस्तकात डब्यात ‘काही समुद्रातलं आणि काही डोंगरावरचं’ आणायचा नियम आहे. हा नियम आमच्या शाकाहारी घरात लागू करायचा हट्ट सुरू झाला. डोंगरावरचं म्हणून भाजी खपली. “समुद्रातलं काय?” म्हटल्यावर मी ठामपणे सांगितलं, “मीठ.” पुस्तकात ज्याच्या डब्यात जे नसेल ते वाढायला मुख्याध्यापकांच्या पत्नी पातेली घेऊन फिरतात. इथे पातेली माझ्याच हातात, डबाही मीच भरलेला आणि तक्रारही मीच ऐकायची.

त्या मानानं माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं पानाला दोन-चार ओळींत भागतात, असं वाटून मी खूष होते. तो भ्रम निघाला. चित्रंही त्यांचीच, आणि त्यात आपल्याच घरातून उचलल्यासारखं घर. धाकटा प्रत्येक कोपरा तपासतो. “ही चप्पल कोणाची?” “ह्या डब्यात काय आहे?” मजकूर दोन ओळींचा, चौकशी पाऊण तासाची.

थकल्या रात्री मधली दोन पानं एकदम उलटायची, हा सगळ्या आयांचा जुना धंदा. तो बालकवितांत चालत नाही. विंदांच्या कवितेतली एक ओळ गाळली की यमक लंगडतं आणि चोरी पकडली जाते. गद्यातही धाकटा चार वेळा ऐकलेलं काही सोडू देत नाही. एकदा मी डुलकीतच वाचत राहिले होते म्हणे. राजपुत्र घोड्यावर बसला आणि गॅसचा नंबर लावायला निघाला. “असं नाहीये!” म्हणून मला कोपरानं ढोसण्यात आलं.

यावर उपाय म्हणून एके रात्री बाबांना ड्यूटी दिली. त्यांनी सगळी पात्रं एकाच आवाजात, बँकेचं पासबुक वाचावं तशी वाचली. दहा मिनिटांत तिघंही गाढ. सकाळी धाकटा म्हणाला, “बाबा छान वाचतात.” रोज घसा फोडून म्हातारीचा, वाघाचा आणि भोपळ्याचा आवाज काढणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं.

सध्या आमच्याकडे भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ चालू आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवरून पुण्यात हवं तिथे सुसाट जातो, हे मुलांना परीकथेइतकंच अद्भुत वाटतं. हडपसरच्या पुढे सासवड रस्त्याला लागलो की गाडीतून “फुरसुंगी दाखव” सुरू होतं, आणि कोंडीत अडकून आम्ही ते दाखवतोही, बराच वेळ. फेणेचं ते ‘ट्टॉक्’ तर घरात रोगासारखं पसरलंय. डबा उघडला, ट्टॉक्. दूध सांडलं, ट्टॉक्.

परवा प्रकरण ऐन रंगात आलं आणि दोघंही झोपली. दिवा मालवायचा, तर फेणे सापळ्यात. मी मोबाइलचा उजेड उशीच्या आड धरला आणि पुढे वाचत सुटले. कितीतरी दिवसांत कोणाच्या मध्ये न येता, हवं तिथे थांबून, कोणतेही आवाज न काढता. चोर सापडला त्या वाक्याला माझ्याही नकळत माझी जीभ टाळ्याला लागली. ट्टॉक्!

धाकटा ताडकन उठून बसला. “माझ्याशिवाय वाचलंस?” आणि पुस्तक ओढून घेत त्यानं स्वतःच पहिलं पान उघडलं.