पाळकसाहेब, 'डॉ.' लावायचंय ना?

पाळकसाहेब, नाताळच्या फ्लेक्सवर नुसतं 'रेव्ह.' आता शोभत नाही. शेजारच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक 'रेव्ह. डॉ.' झाल्यापासून तुमच्या पंचकमिटीतही कुजबुज सुरू आहे. तेव्हा डॉक्टरेट घ्याच, आणि स्वस्तात घ्या. सांगलीच्या माणसानं घासाघीस न करता कधी काही घेतलंय का?

पहिलं पथ्य म्हणजे सेरामपूरच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या बंगालमधल्या जुन्या संस्थेच्या, वाटेला जाऊ नका. पदव्या देण्याची त्यांची सनद डेन्मार्कच्या राजाची, १८२७ ची. वर १९१८ चा कायदा. मान्यता पक्की, पण माणसं चिकित्सक. आधी धर्मशास्त्राची पदवी बी.डी. विचारतात, मग त्यापुढची एम.टीएच., मग प्रबंध. त्यांच्याशी संलग्न सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं कॉलेज, पुण्यात बिबवेवाडीला आहे. तिथेही ग्रंथालयात बसवतात म्हणे.

'डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री' हे नाव छान आहे, पण खरी घेऊ नका. खरीला एम.डिव्ह. ही धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी किंवा त्या तोडीचं शिक्षण लागतं, पाठीशी काही वर्षांची सेवा लागते, आणि आपल्याच मंडळीतला एखादा प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प लिहावा लागतो. तरुण पोरं उपासनेला का येत नाहीत, हे तुम्ही शोधून काढणार आणि कमिटी ते वाचणार! कशाला?

संस्थेला एवढंच विचारा, "मान्यता आहे का?" ती 'हो'च म्हणेल. तिथं थांबा. मान्यता कुणी दिली, देणाऱ्याला कोण ओळखतं, असले खोदून प्रश्न विचारलेत तर दोघांचा पत्ता एकच निघायचा. सेमिनरींना मान्यता देणाऱ्या एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची यादी कुणालाही बघता येते. म्हणूनच बघू नका. (तिची मान्यता म्हणजे यूजीसीची नव्हे, हे मात्र खरं. मंडळीच्या सेवेत त्यानं अडत नाही. प्राध्यापकीला अर्ज केलात की अडतं.)

कायद्याला घाबरू नका. अधिकार नसताना पदवी देणाऱ्याला १९५६ च्या यूजीसी कायद्यात दंड आहे, जास्तीत जास्त १००० रुपये. समारंभाच्या जेवणाचं ताट त्याहून महाग पडत असेल.

समारंभ मात्र चुकवू नका. हॉटेलचा हॉल, भाड्याचा गाऊन, खांद्याला सेफ्टी पिना, टोपीचा गोंडा सारखा नाकावर. प्रमाणपत्रावरचा सोनेरी शिक्का घरी येईपर्यंत एका कोपऱ्यातून सुटलेला असतो. फ्रेम करताना फेविकॉल लावा. मानद पदवी नावाआधी लावू नये असा संकेत आहे, पण संकेत म्हणजे काही दहा आज्ञा नव्हेत.

कुणी सेरामपूरच्या मिशनरी विल्यम केरींचं नाव काढलं तर विषय बदला. तो मूळचा चांभार. त्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आणलं, आणि ब्राउन विद्यापीठानं मानद डी.डी. (डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी) दिली ती १८०७ साली. आधी काम आणि मग पदवी! इतका उलटा क्रम आता कोण पाळतो?

मिरजेत फ्लेक्स लावाल तर जपून. मिशन हॉस्पिटलवाल्या डॉ. वॉन्लेस साहेबांनी १८९४ पासून त्या गावाला खऱ्या डॉक्टरांची सवय लावून ठेवली आहे. उपासना संपली की एखादी आजी गुडघ्याचा एक्स-रे घेऊन पुढे येईल. गडबडू नका. एक्स-रे खिडकीकडे धरा, "हं" म्हणा आणि प्रार्थना करा. तेवढं तुम्हाला 'डॉ.' नसतानाही येत होतं.