आंघोळ केली म्हणून पुरावा संपत नाही

कोल्हापुरातल्या भिशीच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अत्याचारानंतर बाईनं आंघोळ केली की पुरावा गेला. चोवीस तासांनंतर तपासणी होत नाही. आधी एफआयआर, मगच दवाखाना. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवा.’ पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण एकही वाक्य धड नाही.

आंघोळीचं आधी. तपासणीआधी अंग, कपडे धुतले नाहीत तर उत्तमच. पण अशा प्रसंगानंतर अंगावर पाणी घ्यावंसं वाटणारच, त्यात तिची चूक काय? शरीराच्या आतले नमुने आंघोळीनंतरही मिळू शकतात, धुतलेल्या कपड्यांवरही कधीकधी डीएनए सापडतो. मेसेज वाचून ‘आता जाऊन काय उपयोग’ म्हणत ती घरीच बसली, तर मात्र उरलासुरला पुरावाही जातो.

चोवीस तासांचा घोळ बहुधा कायद्यातूनच आलाय. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 184 मध्ये ती मुदत आहे, पण पोलिसांना. गुन्ह्याची माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत त्यांनी तिला डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नमुने 96 तासांपर्यंत घेता येतात. जखमांची नोंद आणि उपचार त्यानंतरही. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या मात्र 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, आणि ही खरी घाईची गोष्ट मेसेजमध्ये नाहीच!

एफआयआरसाठी दवाखाना अडवू शकत नाही. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय असो की राजारामपुरीतलं खासगी हॉस्पिटल, त्याच संहितेच्या कलम 397 प्रमाणे उपचार तातडीनं आणि मोफत द्यायचे. नाकारले तर डॉक्टरांच्या वरिष्ठांवर, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्यावर, गुन्हा होतो. पोलिसांना कळवणं हे हॉस्पिटलचं काम. तपासणी तिच्या संमतीनंच, आणि त्यातला एखादा भाग ती नाकारू शकते. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केलेली तपासणी, कुणी करू लागलं तर तिथंच थांबवा, सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलंय.

प्लॅस्टिकबद्दलचा सल्ला तर उलटाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये कोंडले की बुरशी धरते, डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. झटकू मात्र नका, आणि अत्याचार करणाऱ्याचे फोनमधले मेसेज रागानं डिलीट करू नका.