धुक्याचा गाइड

परतवाड्याच्या आसपास घर असलं की माणसाला दोन गोष्टी जन्मतःच चिकटतात: संत्र्याच्या भावाची काळजी आणि चिखलदऱ्याचं गाइडपण. एरवी ज्या नातेवाइकांना आमच्या गावाचं नाव धड आठवत नाही, त्यांना श्रावण लागला की आमच्या तब्येतीची चौकशी करावीशी वाटते. फोनवर दोन मिनिटं जिव्हाळा, मग मुद्दा. "चिखलदरा तुमच्या जवळच ना?"

जवळच आहे. हीच तर पंचाईत.

यंदा पुण्याहून आतेबहीण आली. सोबत भाऊजी, तिच्या सासूबाई, पोरं आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनी. भाड्याच्या बोलेरोत कोण कुठे बसणार यावर अंगणातच सभा भरली. ज्यांना गाडी लागते त्यांना खिडकी, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. त्यामुळे घाटातली सागाची झाडं, कोसळते ओहोळ आणि खालची दरी दिसणाऱ्या सगळ्या जागा अशा लोकांना मिळाल्या, ज्यांनी नाकाशी लिंबू धरून डोळे गच्च मिटले होते. निसर्ग पाहायला आलेले भाऊजी दोन पिशव्या मांडीवर घेऊन मधोमध.

वर जायला दोन वाटा, एक धामणगाव गढीची, दुसरी घटांगची. भाऊजींचा मोबाइल एक सांगू लागला, मी दुसरी. गाडीवाल्याने मागे वळून विचारलं, "मोबाइलले इचारून लगन केलं होतं का जी?" भाऊजींनी फोन खिशात घातला. बहीण मात्र बराच वेळ हसत होती.

सुमारे अकराशे मीटर उंचीवरचं हे आमच्या विदर्भाचं थंड हवेचं ठिकाण. श्रावणात इथे पोचलं की समोर काय दिसतं? पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं धुकं. देवी पॉइंटला धुकं. मोझरी पॉइंटला धुकं. तरी पाहुण्यांनी पेट्रोलचे पैसे दिलेले असतात, त्यामुळे गाइडला गप्प बसता येत नाही. मी हात लांब करून सांगत सुटतो: इथे खोल दरी, त्या अंगाला धबधबा, पलीकडे डोंगराच्या रांगा. माणसं माझ्या बोटाच्या टोकापर्यंत भक्तिभावाने पाहतात. बोटाचं टोकही दिसत नसतं, ही गोष्ट वेगळी.

भीमकुंडापाशी कथा चांगली चालते. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि इथे येऊन हात धुतले. सासूबाईंनी लगेच डोळे मिटून हात जोडले, तेही पार्किंगच्या दिशेला. मी सांगितलं नाही. श्रद्धेत ढवळाढवळ कशाला?

पंचबोल पॉइंटला आरोळी ठोकली की प्रतिध्वनी येतो, आणि त्याला धुक्याची अडचण नाही. म्हणून ती माझी हुकमी जागा. भाऊजींनी छाती भरून "ओऽऽ" केलं. दरीतून उत्तर आलं, "ओ भाऊ, पायावरून सरका!" हातभर अंतरावर दर्यापूरकडचं एक अख्खं कुटुंब उभं होतं.

गाविलगडावर माझं इतिहासप्रेम उफाळून येतं. १८०३ साली आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला घेतला. पुढे त्यानेच नेपोलियनला हरवलं. पण साहेब आला होता डिसेंबरात. श्रावणात आला असता तर किल्ला कुठे आहे हे विचारायला त्यालाही आमच्याच गावात उतरावं लागलं असतं, आणि आम्ही त्याला जेवूही घातलं असतं.

कॉफीचं दुःख वेगळंच. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे, हे वहिनींनी वाचलेलं होतं. टपरीवाल्याने त्यांच्यासमोर पुडी फाडून गरम दुधात टाकली. चव विचारली तर म्हणाल्या, "वेगळीच आहे, मातीचा गंध आहे." मी भुट्ट्यात तोंड घातलं.

मग निघाला वाघ. तो निघाल्याशिवाय मेळघाटची सहल पुरी होतच नाही. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी आमचा एक, हे मीच अभिमानाने बोलून बसलो होतो. सेमाडोहकडे उतरताना भाऊजी दर वळणावर "हळू, हळू" करत होते. शेवटी गाडीवालाच वैतागला. "वाघाले काय दुसरा धंदा नाही का? एवढ्या पान्यात कायले भिजन तो?"

कोलकासला मात्र धुकं मागे राहिलं. सिपना तांबड्या पाण्याने दुथडी भरून चाललेली, काठचं रान ओलंगच्च हिरवं. सकाळपासून हातवारे करून जे सांगत होतो, ते आता नुसतं दाखवलं तरी पुरे होतं. मी गाडी थांबवायला सांगितली. मागून आवाज आला, "आधी रेंजमध्ये चला." सकाळपासून फोन मुके होते ना! पुढे हरिसाल, डिजिटल गाव म्हणून पेपरांतून गाजलेलं. तिथे सगळे फोन एकदम किणकिणले आणि गाडीतल्या सगळ्या माना खाली गेल्या. येताना सिपना पुन्हा लागली. ती मी आणि गाडीवाल्याने पाहिली.

पाहुणे पुण्याला पोचले तशी ग्रुपवर फोटोंची रांग लागली, सगळे पांढरेफटक. भाऊजींनी विचारलं, "यातला कुठला पॉइंट कुठला?" मी न डगमगता लिहिलं, पहिला मोझरी, दुसरा पंचबोल, तिसरा देवी पॉइंट.

"तिसरा लॉजच्या बाथरूमच्या भिंतीचा आहे. चुकून निघालाय," त्यांचं उत्तर.

मी विचारलं, "मग देवी पॉइंटला काय वेगळं दिसलं होतं?"