कॅरोल घराण्यावरील लेखाबद्दल आपल्या आक्षेपांना उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आयर्लंडहून अमेरिकेतल्या मेरीलँड या इंग्रज वसाहतीत येऊन स्थायिक झालेल्या चार्ल्स कॅरोलच्या घराण्यावर मी लिहिलेल्या लेखाला आपण तीन आक्षेप घेतले आहेत. सरकारी नेमणूक हाती घेऊन आलेल्या वकिलाला मी ‘निर्वासित’ म्हटले, दुष्काळात उपाशीपोटी आलेले खरे आयरिश सोडून एका धनाढ्य माणसाला त्यांचा प्रतिनिधी केले, आणि त्याच्या गुलामांबद्दल एक ओळही लिहिली नाही, असे आपले म्हणणे आहे.

दुष्काळाचा मुद्दा आधी बाजूला ठेवतो, कारण तिथे आपली गल्लत झाली आहे. आयर्लंडमधला बटाट्याचा दुष्काळ १८४५ मध्ये सुरू झाला, कॅरोल १ ऑक्टोबर १६८८ रोजी मेरीलँडला पोहोचला. वसाहतकाळात आयर्लंडहून आलेल्यांमध्ये उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातले प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) पुष्कळ होते आणि काही वर्षांच्या कराराने बांधलेले नोकरही होते. कॅरोल यांपैकी कोणातच बसत नाही, आणि तो सर्वांचा प्रतिनिधी आहे असा माझा दावाही नव्हता. त्याच्यावर लिहिता आले, कारण त्याचे कागद टिकले. जमीन ज्याची, दप्तरही त्याचेच, हा अनुभव आपल्याकडच्या वतनी घराण्यांचा इतिहास चाळणाऱ्यांनाही नवा नाही.

‘निर्वासित’ या शब्दाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. वसाहतीचा कॅथलिक मालक लॉर्ड बाल्टिमोर याने कॅरोलला, तोही कॅथलिकच, वसाहतीचा ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, नेमले होते. फ्रान्समध्ये शिकलेला, लंडनच्या इनर टेंपलमध्ये कायद्याचे धडे घेतलेला हा तरुण जहाजातून उतरला तो अधिकारी म्हणूनच. मात्र हा अधिकार वर्षभरही टिकला नाही. इंग्लंडमध्ये कॅथलिक राजा पदच्युत झाला आणि १६८९ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या प्रोटेस्टंट बंडखोरांनी बाल्टिमोरची सत्ता उलथवली. कॅरोलचे पद गेले आणि नव्या राज्यकर्त्यांवर उघड टीका केल्याबद्दल त्याला तुरुंगही भोगावा लागला. पुढची भरभराट निव्वळ कर्तृत्वाची असल्याचा सूर माझ्या लेखात उमटला, तोही चुकीचाच. त्याची पहिली पत्नी मालमत्ता बाळगून असलेली विधवा होती, ती लग्नानंतर वर्षभरातच वारली. १६९४ मध्ये त्याने मेरी डार्नल हिच्याशी लग्न केले, आणि तिचे वडील हेन्री डार्नल हे बाल्टिमोरच्या जमिनींचा कारभार पाहणारे अधिकारी होते. जावयाला जमीन कशी मिळत गेली असेल, हे वेगळे सांगायला नको.

तरीही विस्थापनाचा मुद्दा मी पूर्णपणे सोडणार नाही. हे घराणे आयर्लंडमधल्या एली ओ’कॅरोल या मुलखाचे, म्हणजे आजच्या ऑफली परगण्याच्या परिसरातले. सतराव्या शतकात इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या विजयानंतर कॅथलिकांच्या ज्या जमिनी जप्त झाल्या, त्यांत या घराण्याच्याही गेल्या. आता मेरीलँडमध्ये कॅरोलने घेतलेल्या जमिनींची नावे पाहा : एली ओ’कॅरोल, लिटरलूना, क्लिनमलीरा, डोहोरेगन. गमावलेल्या गावांची नावे त्याने समुद्रापलीकडच्या जंगलावर एकेक करून ठेवली. सनदेत इंग्रज कारकुनाने ती कशी ऐकली आणि कशी लिहिली, हा वेगळाच गमतीचा विषय आहे, पण तो इथे नको.

ही नावे मला इतकी भावली, की त्या जमिनींवर राबत कोण होते हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. १७२० मध्ये कॅरोल वारला तेव्हा त्याच्या नावावर ४७,७७७ एकर जमीन होती आणि ११२ गुलाम माणसे होती. पहिला आकडा मी लेखात दिला, दुसरा दिला नाही. तो माझ्या टिपणात होता, म्हणजे अज्ञानाची सबबही मला पुढे करता येत नाही. कथेचा ओघ बिघडेल म्हणून मी तो वगळला होता.

एका ठिकाणी मात्र माझा आपल्याशी मतभेद आहे. घराण्याचे जुने ब्रीद टाकून कॅरोलने ‘कुठेही, पण स्वातंत्र्यासह’ अशा अर्थाचे नवे लॅटिन ब्रीद घेतले. आपण त्याला ‘शुद्ध ढोंग’ म्हणता. ढोंगी माणसाला आपला विसंवाद ठाऊक असतो, पण या माणसाला तो जाणवत होता असे मला दिसत नाही. त्याच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे आपल्या धर्माने राहण्याची आणि मिळवलेली जमीन मुलाच्या हाती सोपवण्याची मुभा. १७१८ मध्ये मेरीलँडने कॅथलिकांचा मताधिकार काढून घेतला, त्याचे शल्य त्याला खरेच होते. (बापलेकांना आणि नातवालाही चार्ल्स हेच नाव असल्याने लेखात आपला गोंधळ झाला, तो दोष माझा.) मुलगा चार्ल्स तर जाचक करांना कंटाळून १७५७ मध्ये फ्रान्सच्या सरकारकडे लुइझियानात जमीन मागायला गेला होता, म्हणजे दुसऱ्या पिढीतही गाशा गुंडाळायची तयारी होती. नातू चार्ल्स हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कॅथलिक. त्याच्यापाशी मात्र आपला शब्द चपखल बसेल. गुलामगिरी वाईट आहे हे त्याला कळत होते, १७९७ मध्ये ती टप्प्याटप्प्याने संपवण्याचा प्रस्तावही त्याने मेरीलँडच्या सिनेटमध्ये मांडला, आणि तरीही शेकडो माणसे अखेरपर्यंत स्वतःच्या मालकीत ठेवली.

गुलामांचा मागमूसच उरलेला नाही, मग लिहिणार काय, असे मी मागे एका उत्तरात म्हटले होते, तेही मागे घेतो. ॲनापोलिसमधल्या कॅरोलांच्या घरात १९९१ मध्ये उत्खनन झाले, तेव्हा एका खोलीच्या जमिनीखाली स्फटिकांचे तुकडे, एक गुळगुळीत काळा दगड आणि चिनी मातीच्या भांड्याचा बुडखा मिळाला. त्या बुडख्यावर निळ्या रंगात फुलीसारखी खूण होती. नातवाच्या काळात तिथे राबणाऱ्या आफ्रिकी लोकांनी या वस्तू संरक्षणासाठी पुरल्या असाव्यात, असे संशोधकांचे मत आहे. घरचे सारे कॅथलिक प्रार्थना करीत, त्याच छपराखाली कोणीतरी आपल्या रक्षणाच्या वस्तू मातीत पुरून ठेवीत होते.

मूळ लेखात आज तीन बदल केले आहेत. ‘निर्वासित’ हा शब्द काढला आहे, डार्नल कुटुंबावर एक परिच्छेद घातला आहे, आणि ४७,७७७ एकरांच्या त्याच वाक्यात ११२ हा आकडा लिहिला आहे.