एक नंबर, दोन नंबर आणि मी

त्या दहा रुपयांचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाहीये. आमचे हे म्हणतात, सोड ना आता, दहा रुपयात हल्ली धड चहा तरी येतो का. यांना काय जातंय सोडायला, यांना कुठेही गाडी थांबवून झाडाकडे तोंड करून उभं राहता येतं.

तर पुतण्याचा साखरपुडा होता, हे मदतीला म्हणून आधीच जाऊन बसलेले, मी मागून एसटीनं निघाले. अर्ध्या तिकिटात. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याबद्दल सरकारचे आभार, पुढे कुरकुर करायचीये म्हणून आत्ताच मानून ठेवते. घाट नीट पार पडला. सपाटीला लागल्यावर एका स्पीडब्रेकरवर ड्रायव्हरदादांनी गाडी अशी काही उडवली की मागच्या सीटवरच्या सगळ्यांच्या तोंडातून "आई गं" निघालं आणि माझं जे निघायचं ते निघालं. मी तयारीत असतेच. एक कापडी पिशवी कायम बरोबर असते, त्यात पॅड, जास्तीची निकर, एक परकर, जुने पेपर, काळ्या पिशव्या. पुढच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबणार होती. स्टँडचं नाव सांगत नाही, उगाच त्या गावचे लोक अंगावर यायचे.

स्वच्छतागृहाच्या दारात टेबल टाकून एक पोरगा बसला होता, मोबाईलमधे रील्स चालू. डोक्यावर बोर्ड: लघवी मोफत, शौच ५ रु., स्नान १० रु.

"एक नंबर का दोन नंबर?" मान वर न करता.

"कुठलाच नाही रे, जरा बदलायचंय."

"काय बदलायचंय?"

माझ्या मागे एव्हाना चारपाच जण उभे. मी टेबलावर वाकून जमेल तेवढ्या हळू म्हटलं, "एक नंबर झालाय."

"आं?"

"झालाय! एक नंबर! बसमधेच!" हे जरा जास्तच मोठ्यानं गेलं. तिकडे चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं पण बघितलं.

पोरानं पहिल्यांदा रील थांबवली. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "झालाय तर मग आत कशाला जाताय मावशी?"

आता याला काय सांगू. तेवढ्यात मागून एक काका पुढे सरसावले. सफारी, खिशाला दोन पेनं, हे गृहस्थ कुठल्यातरी सरकारी खात्यातून रिटायर झालेत हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणाले, "थांबा बाई, मी बोलतो. अरे बाळा, नियमाप्रमाणे बघ. बोर्डावर काय लिहिलंय? लघवी मोफत. यांची लघवी झालेली आहे. म्हणजे मोफत. जाऊ दे त्यांना."

"काका, हितं केली तर मोफत," पोरगा पण काही कमी नव्हता. "बाहेरनं करून आणली तर कशात धरायची?"

"बोर्डावर कुठे करायची ते लिहिलेलं नाही."

"आवो पन बोर्डच हितं लावलाय ना!"

यावर काका खरोखर विचारात पडले. म्हणजे मुद्दा बिनतोड आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं मला. मी आपली मधे पाय जुळवून उभी, दोन विद्वानांच्या मधे, आणि माझ्या लघवीचा अधिकारक्षेत्राचा प्रश्न चाललेला. मागच्या एका पोरीनं बाटलीतलं पाणी प्यायला सुरुवात केली, आणि पाण्याचा नुसता आवाज ऐकला तरी माझं काय होतं ते तुम्हाला पुढे सांगते, म्हणून मी पाच रुपयांचं नाणं टेबलावर ठेवलं, म्हटलं घे बाबा, दोन नंबर समज आणि सोड.

तर नाही! पोरगा तत्त्वाचा. "दोन नंबर तुमाला न्हाईच ना. खोटं कशाला लावू? तुमच्याकडं पिशवी हाय, कापडं बदलणार. कापडं बदलायची म्हंजे आंघोळ. दहा रुपये."

"अरे पण मी आंघोळ करणार नाहीये!"

"न्हाई करायची तर नका करू, कुनाची जबरदस्ती हाय का."

काका म्हणाले, "हे बरोबर आहे त्याचं. वस्त्रांतर स्नानातच येतं." वस्त्रांतर! दिले दहा रुपये. त्यानं स्नान छापलेली पावती फाडून दिली, ती मी ठेवलीये जपून.

आतलं काय सांगायचं. ज्या बाईला हे दुखणं आहे तिला विचारा, दाराला एक खुंटी असावी एवढीच अपेक्षा असते हो आयुष्यात. खुंटी नाही. होती कधीतरी, स्क्रूची दोन भोकं शिल्लक होती. जमीन ओली, त्यामुळे पिशवी खाली ठेवायची सोय नाही, पर्स गळ्यात, पिशवीचे बंद दातात, साडी कमरेला खोचलेली, एका पायावर उभं राहून दुसरा पाय निकरमधे घालायचा, वय एकसष्ट, गुडघ्यांचं वेगळंच प्रकरण चालू आहे. बाहेरून कंडक्टर ओरडतोय, "त्या आंघोळीच्या मावशी आल्या का?" म्हणजे बातमी गाडीपर्यंत पोचली होती. आणि कचऱ्याचा डबा नाही. पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून बाहेर आणलं तर पोरगा म्हणतो, हितं ठेवू नका. मग कुठे ठेवू? तर म्हणे बघा तुमचं तुमी. साखरपुड्याच्या हॉलच्या मागे कचरापेटी सापडेपर्यंत ती पिशवी माझ्या मांडीवर होती, आहेराच्या पाकिटाशेजारी.

काका माझ्याच गाडीत निघाले. अर्थात. पुढच्या सीटवरून मागे वळून: "रोज सकाळी काळे तीळ गुळाबरोबर चावून खा. आमच्या नातवाचं अंथरूण ओलं करणं बंद झालं." नातू पाच वर्षांचा होता. मग म्हणाले, "नाहीतर हल्ली एक बारीकसं ऑपरेशन निघालंय, आमच्या विहीणबाईंनी केलं, एका दिवसात घरी."

"केलंय मी."

"मग?"

"टिकलं नाही."

"टिकलं नाही म्हणजे? गॅरंटी नव्हती?"

आता हसण्यावारी नेलं मी तिथे, पण हा प्रश्न काही अगदीच येडा नाहीये. गॅरंटी नव्हतीच, पण ती नाहीये हे मला कोणी सांगितलं होतं? डॉक्टर म्हणाले होते, एक टेप टाकायची, जेमतेम सेंटिमीटरभर रुंद, पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची जाळी, लघवीच्या नळीखाली झोळीसारखी, खोकताना शिंकताना नळीला आधार मिळतो. उल्म्स्टेन म्हणून स्वीडनचे डॉक्टर होते, त्यांनी १९९० च्या दशकात काढलेली युक्ती. युक्ती चांगलीच आहे. बहुतेक बायकांचं वर्षानुवर्षं टिकतं असं वाचलंय मी, त्या बायका असे लेख लिहीत बसत नाहीत एवढंच. आणि माझीही पहिली काही वर्षं काय सुखाची गेली सांगू, फोडणीच्या खकाण्यात मी उगाच उभी राहायचे, मनसोक्त शिंकायचे. नाटकाला जाऊन मधल्या खुर्चीवर बसायचे. लग्नाच्या पंगतीत ताक मागून घ्यायचे.

मग एकदा घराच्या दारात कुलपाला किल्ली लावली आणि गेलं. ना खोकला ना शिंक. नुसती किल्ली. मग नळाचा आवाज. मग भांडी घासताना. परत डॉक्टरांकडे, तर त्यांनी तपासून आनंदानं सांगितलं की टेप अगदी जागेवर आहे, ऑपरेशन सक्सेसफुल आहे. म्हटलं अहो पण मी ओली आहे. म्हणाले, हो, पण हा प्रॉब्लेम वेगळा. आधीचा होता तो जोर पडला की गळणं, आणि हा म्हणजे मूत्राशय स्वतःच मनाला येईल तेव्हा आकुंचन पावतं, त्याला टेप काय करणार. स्पीडब्रेकरचं विचारलं तर म्हणाले पाळी गेल्यानंतर खालचे स्नायू आणि पेशी सैल होत जातात, तेव्हा आधीचंही थोडं परत येऊ शकतं. म्हणजे आता दोन्ही. आणि हे सगळं ते फळ्यावर चित्र काढून इतकं छान समजावतात की आपण थँक्यू म्हणून बाहेर येतो आणि रिक्षात बसल्यावर लक्षात येतं की अरे, पण हे ऑपरेशनच्या आधी का नाही काढलं चित्र? तेव्हा तर "एकदा केलं की सुटलात" असं ऐकल्याचं मला पक्कं आठवतंय. बिल मात्र एकदाच्या सुटकेचं लावलं होतं.

व्यायाम आहेत. केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मधे लिहून ठेवलेले, लघवी मधेच रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे सोडायचे. करते मी, सिग्नलला, बँकेच्या रांगेत, कीर्तनात. फायदा होतो थोडा. चेहरा मात्र असा होतो की एकदा कीर्तनात शेजारच्या बाईंनी विचारलं, फार भरून आलं का हो? गोळ्या पण दिल्या होत्या, मूत्राशयाला शांत करणाऱ्या, त्यांनी तोंडाला कोरड पडली. जिथे कोरडं व्हायला हवं होतं तिथे पोचायच्या आधीच गोळी वर थांबली असणार. आणि पाणी कमी प्यावं तर तेही नाही, लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं म्हणे. म्हणजे प्यायचं पण आणि...जाऊ दे.

पॅडचं आणखी वेगळं. मेडिकलवाला बाकी सगळी औषधं दाणकन काउंटरवर ठेवतो, हे मात्र पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत, खालून सरकवतो. आणि तरी मागे वळून पोऱ्याला ओरडतो, "अरे ते मोठ्यांचे डायपर काढ रे, लार्ज!" पाकिटावर एक चंदेरी केसांचं जोडपं समुद्रकिनाऱ्यावर खोखो हसत असतं. खोखो हसतायत म्हणजे भिजलेलेच असणार. २०१८ साली सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी शून्य केला, फार चांगलं केलं, पण पाळी गेल्यावर ज्यांना डायपर लागतात त्यांनी तो भरतच राहायचं. तिकडे जपानमधे एका मोठ्या कंपनीनं २०२४ मधे देशातले बाळांचे डायपर बनवणं बंद केलं, कारण बाळंच नाहीत, आता मोठ्यांचे बनवणार म्हणे. तिथे किती जणांना लागत असतील बघा. तिथे स्टँडवर खुंटी पण असेल.

मुंबईत बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' म्हणून चळवळ केली, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे हे का म्हणून. बरोबरच आहे. त्यामुळे कुठेकुठे लघवी मोफत असा बोर्ड तरी लागला. पण बोर्डावर ज्यांना करायचीये त्यांचाच विचार आहे, ज्यांची झालीये त्यांचा नाही. आणि घराघरात असतात हो अशा, मला माहितीये, जी बाई लग्नात अख्खा वेळ उभी असते, बसा ना बसा ना म्हटलं तरी गडद रंगाचीच साडी नेसून खांबाला टेकून असते, तिला कंबरदुखी नाहीये. मी स्वतः साखरपुड्यात पांढऱ्या सॅटिनच्या खुर्चीवर बसायला नको म्हणून नवऱ्या मुलीच्या आजीला सांगितलं माझा उपास आहे. उपासाचा आणि बसण्याचा काय संबंध ते त्यांनी विचारलं नाही, मोठी माणसं समजून घेतात.

आता नवीन डॉक्टर बघितल्यात, बाई आहेत. त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं की कायमचं असं काही नाही, पण करता येण्यासारखं बरंच आहे. मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात म्हणे, कपाळावरच्या सुरकुत्या घालवायला घेतात तीच, दुर्बीण घालून, सहा ते नऊ महिने परिणाम राहतो, मग परत द्यावी लागतात. कधी कधी उलटंच होतं, लघवी अडते, मग ती काढायला काही काळ नळी घालावी लागते. मी म्हटलं बाई, निदान आधी सांगितलंत, कधी येऊ?

जाऊबाईला फोनवर एवढंच बोलले की मी बोटॉक्स घेणार आहे. कुठे ते सांगितलं नाही. तेव्हापासून तिचे रोज व्हिडिओ कॉल येतायत, आणि परवा म्हणाली, वहिनी, जरा उजेडात या बघू, कपाळावरच्या तर अजून तशाच दिसतायत.